गेहजी बाहेरून येत नाही

गणपती बसले की आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चसमाजांत, दरवर्षी एक वादही बसतो, आणि त्याचं विसर्जन काही होत नाही. शेजारच्या काकूंनी आणून दिलेला मोदक खायचा की नाही? गल्लीतल्या मंडळाची वर्गणी द्यायची की नाही? बँकेत, कारखान्यात, शाळेत आरतीला सगळ्यांबरोबर उभं राहायचं, की नेमकं त्याच वेळी चहाला निघून जायचं? सांगली, मिरज, सातारा, वाई, कुठल्याही गावातल्या ख्रिस्ती माणसाने ही हुज्जत उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभ्याने ऐकलेली असते. तरुण संघाच्या व्हॉट्सअॅपवर तर ती रात्री उशिरापर्यंत चालते. एक बाजू रोमकरांस पत्रातलं 'ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका' हे वचन टाकते आणि खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते. दुसरी बाजू म्हणते, आम्ही आधी मराठी, मग ख्रिस्ती. सणवार ही संस्कृती आहे, तिला धर्म चिकटवू नका. दोन्ही बाजूंना आपण जगाच्या दबावाबद्दल बोलतोय असं मनापासून वाटतं.

मला हा वाद चुकीच्या वेशीवर चाललेला दिसतो. ख्रिस्ती माणसावर आज जगाचा जो खरा दाब आहे, तो लग्नाच्या बैठकीतून येतो, शाळेच्या दाखल्यातून येतो, पगाराच्या रजिस्टरातून येतो, जातीतून येतो. या वाटांवर आम्ही कुणी राखणीला उभे नाही. सगळी राखण मोदकाच्या ताटावर. आणि कुठली तडजोड चालेल, कुठली नाही, हे ठरवायला जी कसोटी लागते तीही आम्ही बाजूला टाकली आहे. 'हे आपलं की त्यांचं' एवढंच आम्ही विचारतो. या तडजोडीची किंमत कोण मोजणार, हे विचारत नाही.

कडक बाजूचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, छोट्या गोष्टी छोट्या नसतात. बायबलमधल्या, बाबेलला नेलेल्या दानिएलाने पहिला नकार दिला तो ताटातल्या अन्नालाच. इसवी सन ११२च्या सुमारास रोमी साम्राज्यातल्या बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानाला लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना तो सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायला लावायचा आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला सांगायचा. केलं तर सुटका, नाही तर मृत्युदंड. चिमूटभर धूप! आज आम्ही म्हणू, टाक आणि घरी ये, पोरंबाळं वाट बघतायत. ते लोक मेले, पण टाकला नाही. त्याच पत्रात प्लिनी सांगतो की देवळातल्या बळीच्या मांसाला मध्यंतरी गिऱ्हाईकच मिळेनासं झालं होतं. म्हणजे ताटातला नकार बाजारात कळण्याइतका ठसठशीत होता. मूठभर असलेला समाज अशा खुणा सोडत गेला, तर दोन पिढ्यांत त्याचं नुसतं आडनाव उरतं, ही भीती खोटी नाही. आडनाव तेवढं डेव्हिड किंवा सॅम्युएल आणि घरात बायबल कपाटाच्या वरच्या फळीवर, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

पण प्लिनीचं पत्र पुढेही वाचावं. हे लोक एकत्र जमून नेमकं करतात तरी काय, याची त्याने चौकशी केली. त्याला कळलं ते असं: ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि शपथ घेतात. शपथ कसली? चोरी करणार नाही, लुबाडणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी ठेव परत मागितली तर ती नाकारणार नाही. शेवटचं कलम सांगली जिल्ह्यात बसून वाचताना मी जरा थांबतो. पतसंस्थांत ठेवी अडकून बसलेली म्हातारी माणसं ज्या जिल्ह्याने पाहिली, तिथे 'ठेव परत देणारी माणसं' ही ओळख किती मोठी ठरली असती! धूपाचा नकार आणि ठेवीची शपथ त्या लोकांच्या लेखी एकाच श्रद्धेची दोन अंगं होती. आम्ही धूपाचं तेवढं लक्षात ठेवलं.

शिवाय तो धूप आणि शेजारच्या काकूंचा मोदक यांत मोठा फरक आहे. सुभेदार तलवार दाखवून ख्रिस्ताला नाकारायला सांगत होता. काकू काही नाकारायला सांगत नाहीत. नाताळला आपण करंज्या आणि केक देतो त्याची त्या परतफेड करतात. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिताना ही गाठ सोडवून ठेवली आहे. बाजारात विकतात ते मांस चौकशी न करता खा. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. पण 'हे नैवेद्याचं आहे' असं कुणी मुद्दाम बजावलं, तर खाऊ नका; आणि तेही स्वतःसाठी नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकासाठी. पौल पदार्थाला पवित्र किंवा अपवित्र ठरवत बसला नाही. माझ्या खाण्याने वा न खाण्याने समोरच्याचं काय होईल, एवढंच त्याने पाहिलं. त्यामुळे मोदक खाणाऱ्याला दुबळा आणि न खाणाऱ्याला कर्मठ म्हणण्यात जो वेळ जातो, तो मला वाया गेलेला वाटतो.

आता दुसरी बाजू. 'ही आपली संस्कृती आहे' म्हणणाऱ्यांच्या हाती हुकमी पत्ता असतो रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. तो पत्ता खराच आहे. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, कीर्तनात उभं केलं. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेब व्हायचं, ही समजूत त्यांनी मोडली. पण टिळक आमच्या साताऱ्याला कशासाठी आले होते? १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची कितीतरी वर्षं मिशनचं काम केलं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तिथे एकत्र यावेत अशी कल्पना होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते वारले. उतारवयात, घरसंसार पाठीशी असताना, महिन्याचा बांधलेला पैसा सोडून देणं हा जगाला दिलेला नकार होता. तो नकार मराठी संस्कृतीला नव्हता आणि हिंदू शेजाऱ्यालाही नव्हता. आपल्याच मिशनच्या छत्राखालच्या सुरक्षिततेला होता. संस्कृतीवाल्यांनी टिळकांचे अभंग उचलले. सोडलेला पगार कुणी उचलला नाही. आणि संस्कृती म्हणायचं तर हुंडाही संस्कृतीच आहे, जातही संस्कृतीच आहे. 'आपलंच आहे' एवढ्यावर एखादी गोष्ट पास करायची म्हटली, तर या दोघांना कुठल्या तोंडाने नापास करणार?

दोन्ही बाजूंनी बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला पाचवा अध्याय पुन्हा एकदा नीट वाचावा, अशी माझी विनंती आहे. अरामी सेनापती नामान कोडातून, म्हणजे कुष्ठरोगातून, बरा झाला, त्या गोष्टीचा. (मिरजेत कुष्ठरोग्यांसाठीचं मिशनचं रुग्णालय आहे आणि तो रोग शाप नसून औषधाने बरा होणारा आजार आहे, हे या भागाने त्याच्याकडून शिकलं. तेव्हा या गोष्टीतला कोड मी रोग्यांवर कसलाही ठपका म्हणून वाचत नाही, आणि व्यासपीठावरून कुणी तसा वाचला तर मला राग येतो.) नामान बरा झाल्यावर त्याला बरं करणाऱ्या अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, इथून पुढे मी परमेश्वराशिवाय दुसऱ्या देवाला यज्ञ करणार नाही. पण एक अडचण आहे. माझा धनी रिम्मोन या आमच्याकडच्या देवाच्या देवळात पूजेला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मग मलाही तिथे वाकावं लागतं. एवढ्याची परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशा काय म्हणाला? 'शांतीने जा.' प्रवचन नाही, अट नाही.

आणि त्याच अध्यायात गेहजी आहे. अलीशाचा सेवक, संदेष्ट्याच्या घरात राहणारा, रिम्मोनाचं देऊळ आयुष्यात न पाहिलेला. नामानाने देऊ केलेली भेटवस्तू धन्याने नाकारली हे त्याला सहन होत नाही. 'परमेश्वराच्या जीविताची शपथ,' म्हणत तो नामानाच्या रथामागे पळतो आणि थाप मारतो की एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखातून संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी दोन तरुण आलेत, त्यांच्यासाठी एक किक्कार (हे वजनाचं माप) रुपे आणि दोन पोशाख द्या. म्हणजे देवसेवेच्या नावाने निधी जमवला! नामान बिचारा आग्रहाने दुप्पट रुपे देतो. नामानाचा कोड शेवटी लागतो तो गेहजीला.

कडक बाजूच्या एका वडीलधाऱ्यांनी मला यावर चोख उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, 'नामान नवखा होता, म्हणून त्याला सूट मिळाली. आपण चौथ्या पिढीचे. आपल्याला कसली सूट?' 'शांतीने जा' ही परवानगी की नुसता निरोप, यावर अभ्यासकांतही मतभेद आहेत, हेही मान्य करतो. पण आपण जर चौथ्या पिढीचे, तर या अध्यायात आपली जागा नामानाची कशी? आपण गेहजीच्या जागी आहोत. पाळणा हलवताना गीतं ऐकलेली, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ केलेली, चर्चची किल्ली ज्यांच्या घरात असते अशी माणसं. आपल्याला धोका रिम्मोनाच्या देवळात नाही. तो रथामागे पळण्यात आहे.

रथ कुठे कुठे दिसतो? लग्नाच्या बैठकीपासून सुरुवात करू. मिशन कंपाउंडमधल्या घरातली बैठक डोळ्यांसमोर आणा. सतरंजीवर दोन्हीकडचे पाहुणे. पाळकसाहेब प्रार्थना करतात, लाबानाच्या घरी रिबेकेला मागणी घातल्याचा उतारा वाचतात. चहा-पोहे होतात. मग मुलाचे चुलते घसा खाकरून म्हणतात, 'आमची काय मागणी न्हाई बघा. पोरीच्या अंगावर काय घालायचं ते तुमी तुमच्या खुशीनं घाला. फक्त हॉल जरा बरा बघा, आमची माणसं लय हायत.' मुलीचे वडील मान डोलावतात. त्यांच्या शेजारी बसलेला भाऊ खिशातली छोटी वही काढून तोळे, भांडी, हॉल, जेवणाची पानं अशी यादी लिहू लागतो, आणि पाळकसाहेब तेवढ्यात चपला शोधायला उठतात. पुढे हळद लागते तेव्हा मंडळीत कुजबुज होते, ख्रिस्ती घरात हळद कशाला? डीजेवर चर्चची पंच कमिटी ठराव करते. हळदीला हरकत घेतली, सोन्याला घेतली नाही. हळदीची किंमत कुणालाच मोजावी लागत नव्हती. सांगलीत तर हळद गावचीच. सोन्याची किंमत मुलीचा बाप पुढची कित्येक वर्षं पतसंस्थेच्या हप्त्यांत मोजतो, आणि आई बचत गटाच्या. १९६१ पासून हुंडा देणं-घेणं हा कायद्याने गुन्हा आहे. ज्या गोष्टीला देशाचा कायदा गुन्हा म्हणतो, तिला मंडळी 'खुशी' म्हणते, यापेक्षा युगाबरोबर समरूप होणं आणखी काय असतं?

'समाजच असा आहे, एकट्याने काय होणार' हे उत्तर या जिल्ह्यात तरी कुणी देऊ नये. १९४२च्या चळवळीनंतर याच मातीत, त्या वेळच्या अखंड सातारा जिल्ह्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. कचेरी इंग्रजांची, फौजदार इंग्रजांचे, खिशातल्या रुपयावर मुंडी राजा जॉर्जची. आणि तरी गावोगावची माणसं भांडणं घेऊन आपल्याच न्यायदान मंडळापुढे जात होती. याच प्रतिसरकारने कमी खर्चातले 'गांधी विवाह' लावले. हुंडा, मानपान, बँडबाजा बाजूला. राज्य अजून हातात आलं नव्हतं, तरी ते आल्यावर लग्न जसं लागायला हवं तसं ती माणसं आधीच लावत होती. पत्री मारण्याचा जो भाग प्रतिसरकारात होता, तो ख्रिस्ती माणसाला घेता येणार नाही, आणि त्या मारातून काही निरपराधही सुटले नसतील. पण एका राज्यात राहून दुसऱ्या राज्याच्या कायद्याने जगणं म्हणजे काय, हे समजायला मला कुंडलच्या परिसरातला हा इतिहास कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त उपयोगी पडला. 'तुझे राज्य येवो' हे दर रविवारी म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी शेजारच्या गावांकडून घ्यावं.

यापेक्षा अवघड प्रश्न दाखल्याचा. याबद्दल आमच्यात उघड बोलत नाहीत, म्हणून मीच बोलतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबं पूर्वीच्या अस्पृश्य जातींतून आली. अनुसूचित जातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५०चा. त्यात सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. मग घरोघरी काय होतं? रविवारी मुलगा तरुण संघात गिटार वाजवतो, आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' आणि पुढे जात. आजोबांचा बाप्तिस्मा रजिस्टरात आहे, पण झेरॉक्स काढायला कुणी येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ख्रिस्ती म्हणून जगायचं आणि नोकरीपुरतं हिंदू म्हणवायचं, ही संविधानाचीच फसवणूक आहे. तेव्हापासून आमच्याकडे या विषयावर आवाज आणखी खाली गेलेत.

याबाबत व्यासपीठावरून जे बोललं जातं ते फार सोपं असतं. 'माणसांपुढे मला नाकारील त्याला मीही नाकारीन' हे वचन वाचलं की झालं. वचन खरं आहे, खोटा कागद खोटाच आहे, आणि जे लपवून ठेवावं लागतं ते माणसाला आतून खातं. हे मी नाकारत नाही. पण हे वचन वाचतो कोण? बहुधा ज्याच्या आजोबांना मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकायला मिळालं, ज्याचा बाप मिशनच्या शाळेत शिक्षक झाला, ज्याला दाखल्याची गरजच उरली नाही, असा माणूस. आणि ऐकतो कोण? ज्याची मुलगी नर्सिंगला जाऊ पाहतेय आणि फी भरायची तर घरातली म्हैस विकावी लागेल, असा. बौद्ध बांधवांकडे पाहा, असं काही जण सुचवतात. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी दीक्षा घेतली. केंद्राच्या सवलती त्यांना मिळाल्या त्या १९९० साली. त्यांनी किंमत मोजली, तुम्ही का नाही? उदाहरण मोठं आहे. मात्र त्या समाजाने ती किंमत एकेकट्या घरावर टाकली नाही. चळवळ उभी केली, वसतिगृहं काढली, मोर्चे काढले, मागणी सोडली नाही. शिवाय कागदाची ओढाताण त्यांच्याकडेही झालीच.

आमच्याकडेही पूर्वी असंच होतं, हे आम्ही विसरलो. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या माणसाचं घर सुटायचं, विहीर सुटायची, वाटणी जायची. वारसाहक्क वाचवायला १८५० साली इंग्रज सरकारला कायदा करावा लागला. त्या माणसाला 'धैर्य धर' एवढं सांगून मिशन थांबलं नाही. बोर्डिंग काढलं, छापखान्यात अक्षरं जुळवायला बसवलं, सुतारकी शिकवली. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं आणि तीनच वर्षांत वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. ज्याला जगाने भाकरीवरून उठवलं, त्याला दुसऱ्या पानावर बसवण्याची तजवीज केली. यावरून 'पोटासाठी बाटलेले' हा टोमणा बसला, आणि काही ठिकाणी तो खराही असेल. पण किंमत मोजायला सांगणाऱ्याने त्यातला वाटा उचलायचा असतो, ही रीत त्यामागे होती. आज दाखला बदलून 'ख्रिस्ती' लिहून घेणाऱ्या मुलाच्या फीसाठी किती मंडळ्यांनी निधी ठेवलाय? कापणीच्या सणाला लिलावात एक लिंबू शेकड्यांनी रुपयांना जातं, बोली लावणारा मागे वळून बघतो, टाळ्या पडतात. तेवढी चढाओढ फीच्या निधीसाठी झालेली कुणी पाहिली आहे का?

आणि जात लपवणाऱ्याला बोल लावणाऱ्यांनी स्वतः जात सोडली आहे का, हाही प्रश्न आहेच. सोयरीक जुळवताना 'मूळचे कुठले तुम्ही?' हे विचारतात, त्यात गावाची चौकशी नसते, हे सगळ्यांना कळतं. एकाच प्रभूभोजनाच्या मेजाशी बसणारी माणसं एकमेकांकडे मुलगी देत नाहीत. दाखल्यावर जात लिहिणारा नामानासारखा वाकतो; त्याच्या हातावर सरकार नावाचा धनी टेकलेला असतो. सोयरिकीत जात पाळणाऱ्याला कोण वाकवतं? कुणी नाही. तो आपखुशीने पळतोय.

पगाराचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला जागाच नाही. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या आसपास पाचटाच्या खोप्या पडतात, त्या भागात राहून हे वचन न कळणं शक्य नाही. आमच्यातही ऊसवाले आहेत, ठेकेदार आहेत, शाळा काढणारे आहेत. येशूचं नाव फलकावर असलेल्या शाळेत शिक्षिका एका आकड्यावर सही करते आणि हातात दुसराच घेते, हे जिथे चालतं तिथे सकाळच्या प्रार्थनेत कुठलं गीत म्हणायचं, यावर कमिटी नेमतात.

माझ्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: तुम्ही विश्वासाचं समाजकार्य करून टाकता, उपासना, शुद्धता, देवाशी एकनिष्ठा यांचं काय? आणि दुसरा, जास्त वजनाचा: सध्या दिवस वाईट आहेत, घरातल्या प्रार्थनासभेवरही धर्मांतराचा संशय घेतात, अशा वेळी आपलीच धुणी चव्हाट्यावर कशाला?

पहिल्या आक्षेपाला जर्मनीचं उदाहरण पुरेसं आहे. हिटलरच्या राज्यात मे १९३४ मध्ये बार्मेन इथे काही ख्रिस्ती धर्मपुढारी जमले आणि त्यांनी धाडसी जाहीरनामा काढला: ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, मंडळी ही सरकारची बटीक नव्हे. एकनिष्ठेची याहून स्वच्छ घोषणा सापडणार नाही. पण त्या अख्ख्या जाहीरनाम्यात शेजारी राहणाऱ्या ज्यूंबद्दल एक वाक्य नाही. तो मुख्यतः ज्याच्या हातचा, त्या कार्ल बार्थने पुढे उतारवयात याची खंत बोलून दाखवली. १९३३ सालीच ज्यूंचा प्रश्न मंडळीपुढे मांडणारा तरुण पाळक डीट्रिख बोनहोफर एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेला. मंडळीची शुद्धता राखण्यात चूक नव्हती. ती राखताना शेजाऱ्याला हिशेबातून वगळलं, तिथे चूक झाली.

दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. संशयाचं वातावरण खरं आहे, त्याची भीती मलाही वाटते, आणि कायद्याने दिलेल्या उपासनेच्या हक्कासाठी भांडावं लागलं तर भांडायलाच हवं. पण प्लिनीच्या काळातल्या त्या लोकांवर याहून मोठा संशय होता, आणि नेमक्या त्याच काळात ते ठेवी परत देण्याची शपथ घेत होते. संशय घेणाऱ्याला आपण मोदक खाल्ला की नाही यात रस नसतो. आपण सुनेला कसं वागवतो, कामवालीचे पैसे वेळेवर देतो का, हे मात्र त्याच्या घरी रोज बोललं जातं.

तेव्हा पंच कमिट्यांपुढे मी एकच ठोस मागणी ठेवतो. लग्न ठरलं की आपल्याकडे उपासनेत ते जाहीर करतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. त्याआधी पाळकांनी दोन्ही घरांना वेगवेगळं बसवून देण्याघेण्याबद्दल विचारावं, मुलीला एकटीला विचारावं, आणि यादी निघाली तर जाहीर करायला नकार द्यावा. जात पाहून मोडलेली सोयरीक कानावर आली तर त्याही घरी जावं. लोक म्हणतील, असं केलं तर ती कुटुंबं दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन लग्न लावतील, अर्पण कमी होईल, पाळकांचा पगार थकेल. तिन्ही गोष्टी होतील. टिळकांनी पगार सोडला तेव्हा त्यांच्या घरातही चूल पेटवायची होतीच. मिरजेच्या एखाद्या मंडळीने हे वर्षभर करून पाहिलं, तर पुढच्या गणपतीत मोदकाच्या वादाला वेळ किती उरतो, ते तिथल्या तरुण संघाने कळवावं.